दातारांचा चंद्रोदय

दातारांचा फोन आला की 'हॅलो' म्हणायला उसंत मिळत नाही. आपण फोन कानाला लावेपर्यंत त्यांचं पहिलं वाक्य निम्मं होऊन गेलेलं असतं.

"...अजून नाही. ढग आहेत, पण ढगांचा काही संबंध नाही, ते मधे मधे करतातच. क्षितिजावर नऊच्या आत येईल. समोरच्या इमारतीवरून डोकं काढायला त्याला आणखी थोडा वेळ द्या. वहिनींना म्हणावं, कुकर इतक्यात लावू नका. काय केलंय आज?"

हा फोन महिन्यातून एकदा, संकष्टीच्या संध्याकाळी. नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावी आमच्या इमारतीतल्या तीन मराठी घरांना आधी, मग हेग, मग डेल्फ्ट, मग युट्रेख्ट आणि ब्रेडा. आइंडहोवन पूर्वेला, त्यामुळे खरं तर त्यांचा नंबर पहिला, पण तिथे फोन करताना दातार न चुकता बजावत, "तुमचा आमच्या आधी उगवतो. त्यात तुमचं कर्तृत्व काही नाही."

पुण्याहून येणाऱ्या कॅलेंडरात चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात. मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर. झूटरमेर नसतं. नवीन आलेल्या माणसाच्या हे लक्षात यायला वेळ लागतो. एका नव्या मुलीने पुण्याची वेळ बघितली, घड्याळात इथली वजाबाकी केली आणि दुपारी चारलाच ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये उपास सोडला. मंडळाच्या कार्यक्रमात तिने हे मोठ्या हौसेने सांगितलं. दातार तिच्याकडे पाहतच राहिले. "बाई, तुम्ही पुण्याच्या चंद्रावर इथलं चीज सँडविच खाल्लंत," ते म्हणाले. "तो चंद्र तुमचा नव्हता."

स्वतः दातार संकष्टी करत नाहीत. देवघर नाही, घरात उदबत्तीसुद्धा नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "माझा गणपतीशी वैयक्तिक परिचय नाही. चंद्राशी आहे."

उंच, काटकुळा माणूस. कानावर ओढायची लोकरी टोपी बारा महिने डोक्यावर. पाऊस असो नसो, सायकलवर असताना पायात पावसाळी पँट. हेगमधल्या एका बँकेच्या संगणक विभागात त्यांनी उभी नोकरी तारखा तपासण्यात घालवत आणली आहे. व्याज कुठल्या दिवशी लागावं, लीप वर्षात काय करावं, मार्चमध्ये घड्याळं पुढे सरकतात त्या पहाटे कुणाचे पैसे अडकतात, हे सगळं दातार बघत. त्याचा परिणाम असा झाला की साध्या वेळेवरचा त्यांचा विश्वासच उडाला.

लिफ्टमध्ये मी सहज म्हणावं, "अरे बापरे, आठ वाजले."

"कुणाचे?"

"म्हणजे?"

"आठ कुणाचे वाजले? सरकारचे वाजले. सूर्याचे अजून साडेसहासुद्धा नाहीत."

हा उन्हाळ्यातला हिशोब. हिवाळ्यात ते थोडी सूट देत. मार्चअखेरीस तास पुढे गेला की त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ आठवडाभर जुन्याच वेळेवर चालू राही. निषेध म्हणून. त्या आठवड्यात ते सगळीकडे उशिरा पोचत आणि उशिरा पोचल्यावर बाकीच्यांकडे दयेने बघत.

त्यांची खरी कीर्ती झाली ती मात्र अंगारकीमुळे. कॅलेंडरात अंगारकी छापलेली, मंगळवार. इकडे बायकांनी मोदकांचं ठरवलेलं, कुणी सुट्टी टाकलेली, कुणी हेगच्या दुकानातून नारळ आणून ठेवलेले. रविवारी दुपारी दातारांचे फोन सुरू झाले. आपल्याकडे अंगारकी नाही. चंद्र उगवताना चतुर्थी असावी लागते. पुण्यात मंगळवारी चंद्रोदयाला ती असेल, पण आपला चंद्र उशिरा, तोवर ती संपलेली. आपली चतुर्थी सोमवारच्या चंद्रोदयाला. तेव्हा आपली साधी संकष्टी, सोमवारी. नमस्कार.

हाहाकार झाला. आमच्या मंजिरीने फोन माझ्या हातून घेतला. "अहो भावजी, वर्षातनं एखादी अंगारकी येते, ती तुम्ही रद्द करताय?"

"मी कोण रद्द करणारा, वहिनी? नेदरलँड्समध्ये ती आलेलीच नाही."

"मग सोमवारी करू आणि मंगळवारी पण करू."

"करा की. मंगळवारी उपाशी राहायला माझी कुठे हरकत आहे? फक्त तिला अंगारकी म्हणू नका."

त्या आठवड्यात बऱ्याच घरांत दोन दिवस उपास झाले आणि दोन्ही दिवशी दातारांचा उद्धार झाला. पुढच्या संकष्टीला मात्र सगळ्यांनी फोनची वाट पाहिली.

सुनंदावहिनींबद्दल सांगायला हवं. दातारांच्या पत्नी. पूर्वी इथेच होत्या. मग आईला बघायला म्हणून पुण्याला गेल्या. आई बरीच वर्षं अंथरुणात होती, मग ती गेली, आणि वहिनी तिकडेच राहिल्या. भांडण नाही, तंटा नाही. इकडे दातारांची नोकरी, तिकडे वहिनींचं घर, आणि मधे दोघांचंही 'बघू पुढच्या वर्षी'. कुणी विचारलं तर दातार एवढंच म्हणत, "तिला तिकडे चंद्र दिसतो," आणि विषय आकाशात घेऊन जात.

आकाशातला त्यांचा सर्वात आवडता विषय म्हणजे फ्रान्सच्या स्त्रासबुर्ग शहरातल्या जुन्या चर्चमधलं घड्याळ. ग्रह, ग्रहणं, चंद्राच्या कला, वार, सगळं दाखवणारं. त्याचं चित्र त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं आणि चहाला आलेल्या माणसाला दूध मिळायच्या आधी घड्याळ मिळत असे.

"सबनीस, तुमच्याकडे गाडी आहे, माझ्याकडे विषय आहे. जाऊन येऊ एकदा."

"ट्रेननेही जाता येतं की."

"ट्रेनमध्ये शेजारच्याला समजावून सांगायला लागलं की तो पुढच्या स्टेशनला उतरतो. आणि ही एकट्याने बघायची वस्तू नाही हो."

मी 'बघू' म्हणत राहिलो. मुलीची परीक्षा, गाडीचे टायर, ऑफिसातलं काम. न जाण्याची कारणं मला छान सुचतात.

आता जे सांगायचं आहे ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. इमारतीत सगळ्यांची समजूत आहे की सबनीसांनी शेजारधर्म पाळला, एकट्या माणसाला एवढ्या लांब फिरवून आणलं. मंडळाच्या बैठकीत तर माझं कौतुकही झालं. ते मी निमूट ऐकून घेतलं.

मी आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस. गेल्या शरद ऋतूत एका बैठकीत मी ठराव मांडला की संकष्टीचा चंद्रोदय यापुढे सगळ्यांना फोनवर आपोआप निरोपाने कळावा. कुटुंबं वाढली आहेत, एका माणसाने किती फोन करायचे, त्यांचंही वय होत आलं. कारणं चोख होती. आइंडहोवनचा निखिल, चिप बनवायच्या यंत्रांवर काम करणारा हुशार मुलगा, म्हणाला, चार ओळींचा प्रोग्रॅम आहे, मी करतो. ठराव पास झाला. मग कुणीतरी विचारलं, "काकांना कोण सांगणार?" ऑनलाइन बैठक होती. एकामागून एक सगळ्यांचे माइक बंद झाले.

"सबनीस, तुमचे शेजारी आहेत ते," अध्यक्ष म्हणाले.

"मी सांगतो," मी म्हणालो. निखिललाही बजावलं, तू काही बोलू नकोस, मी सांगतो.

आणि सांगितलं नाही. रोज लिफ्टमध्ये भेटायचे. एक मजला गेला की वाटायचं पुढच्या मजल्यावर बोलू, आणि मग त्यांचा मजला यायचा. निखिलचा प्रोग्रॅम तयार झाला. पहिला निरोप कधी जाणार तेही ठरलं: जानेवारीतली संकष्टी, शनिवार. तेव्हा मला अचानक स्त्रासबुर्ग सुचलं.

मंजिरीला सांगितलं तर ती बघतच राहिली. "एक वाक्य बोलायला दुसऱ्या देशात नेणार आहेस त्यांना?"

"त्यांना घड्याळ बघायचंय किती वर्षं."

"घड्याळ दाखव ना. पण आधी इथे सांग, मग दाखव. आधी गोड आणि मग कडू, असलं काही करू नकोस."

मी तेच केलं.

दातारांना सांगितल्यावर आधी त्यांचा विश्वास बसेना, मग ते एकदम गंभीर झाले. "शनिवारी? अहो, संकष्टी आहे. फोन?"

"तिथून करा की."

ते विचारात पडले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मला नको होता. "तिथून! सबनीस, तिथे तो आपल्या आधी उगवेल. म्हणजे मी चंद्र स्वतः बघून मग फोन करणार. आजवर मी नुसता हिशोबावर बोलायचो. या खेपेला डोळ्यांनी बघून."

शुक्रवारी सकाळी निघालो. दातारांच्या मांडीवर डबा, डब्यात वहिनींच्या पद्धतीने स्वतः केलेल्या दशम्या, आणि डब्यावर उघडलेला नकाशा. गाडीत नकाशा दिसत असतानाही त्यांना कागदाचा लागतो. आम्ही आग्नेयेला चाललो होतो आणि दर थोड्या वेळाने ते मला कमाई सांगत होते.

"अर्धा मिनिट कमावलं."

"कशाचं?"

"चंद्राचं. त्याच्या दिशेनेच चाललोय आपण."

लक्झेंबर्गच्या पेट्रोल पंपावर मी धीर केला. "दातारसाहेब, एक बोलायचं होतं."

"टॉयलेटला सुटी नाणी ना? आहेत माझ्याकडे," म्हणत त्यांनी माझ्या हातावर नाणी ठेवली आणि मी टॉयलेटला गेलो.

संध्याकाळी हॉटेलात पोचलो तेव्हा ते थकले होते. उद्या सकाळी सांगू, असं मी ठरवलं. सकाळी न्याहारीला ते इतके खुशीत होते की अंड्यावर साखर घालून बसले. घड्याळापाशी पोचायच्या आधी सांगू, असं मी ठरवलं. निखिलचा निरोप संध्याकाळी जाईल अशी माझी समजूत होती. दिवस हातात होता.

ते चर्च लालसर दगडाचं आहे आणि एवढं उंच की वर बघताना दातारांची टोपी मागे पडली. आत अंधूक उजेड होता. घड्याळ एका बाजूच्या दालनात आहे. घड्याळ कसलं, तीन मजल्यांचं घरच. खाली ताऱ्यांचा गोल, वर वारांचे रथ, त्यावर ग्रहांची तबकडी, चंद्राचा गोळा, आणि त्याच्यावर दोन सज्जे, बाहुल्यांनी भरलेले. समोर बरीच गर्दी. भर दुपारी सगळ्या बाहुल्या हलतात, ते बघायला जमलेली.

दातार पुढे घुसले आणि मोठ्या आवाजात मराठीत सुरू झाले.

"वार बघा, वार! काल शुक्राचा रथ होता, तो गेला आत. आज शनी. शनिवारी शनी! अहो, आपल्याला वाटत होतं शनी फक्त आपल्याच मागे लागलाय. आणि तो चंद्र बघा. अर्ध्याच्या वर सोनेरी, एका कडेने काळा पडत चाललाय. कृष्ण चतुर्थी! हे यांना कुणी सांगितलं? आणि ते खालचं चक्र दिसतंय? ते दर वर्षी ईस्टरची तारीख काढतं, आपण होऊन. पौर्णिमेवरून काढावी लागते ती. म्हणजे बघा, हा आपलाच उद्योग झाला."

शेजारी दोन जर्मन म्हाताऱ्या होत्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी दातार बोट दाखवतील तिकडे त्या बघत होत्या आणि माना डोलावत होत्या. एक माणूस आपल्या मनगटाकडे बघून बायकोला इंग्रजीत म्हणाला, हे अर्धा तास मागे आहे. साडेबारा होत आले होते आणि तबकडी बाराच्या आत होती.

दातार त्याच्याकडे वळले. "हूज ट्वेल्व्ह-थर्टी?" त्यांनी विचारलं.

"एव्हरीबडीज," तो म्हणाला.

"नो सर. पॅरिसच्या... युवर गव्हर्नमेंट्स." मग माझ्याकडे वळून, डोळे भरून आल्यासारखे, "सबनीस, हे इथल्या सूर्याप्रमाणे चालतं हो. या गावात सूर्य डोक्यावर येतो तेव्हाच हे बारा वाजवतं. कुणाचं ऐकत नाही. आयुष्यात एक तरी प्रामाणिक घड्याळ बघितलं."

रखवालदाराने सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. दालन एकदम शांत झालं. माणसं फोन वर धरून थांबली. आणि त्या शांततेत माझ्या खिशातला फोन थरथरला, आणि त्याच क्षणी दातारांच्याही खिशातला.

मला काय आहे ते कळलं. निखिलने संध्याकाळची नाही, दुपारची वेळ लावली होती. लोकांना साबुदाणा भिजवायला वेळ मिळावा म्हणून. हुशार मुलगा.

दातारांनी फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं. 'आज संकष्ट चतुर्थी. आपल्या गावचा चंद्रोदय पुढीलप्रमाणे.' खाली गावं आणि वेळा. अगदी खाली: मराठी मंडळ, चिटणीस, आणि माझं नाव.

त्यांनी ते सावकाश वाचलं. ओठ हलत होते, मनातल्या मनात आकडे ताडून बघत होते.

"बरोबर आहेत," ते हळूच म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

मग घड्याळ चालू झालं. छोट्या देवदूताने घंटा वाजवली, दुसऱ्याने वाळूचं घड्याळ उलटं केलं. वरच्या सज्ज्यात एक वाकलेला म्हातारा मृत्यूच्या सांगाड्यासमोरून हळूहळू निघून गेला आणि त्या सांगाड्याने हातातल्या हाडाने बाराचे टोले दिले. त्याच्यावरच्या सज्ज्यात शिष्य एकेक करून येशूसमोर आले, वळले, गेले. मधे मधे डाव्या बाजूच्या मनोऱ्यावरचा कोंबडा पंख फडफडवून आरवला आणि लोक हसले. मी काहीच बघत नव्हतो. मी दातारांकडे बघत होतो. चहाच्या कपावरून ज्यांनी मला हे सगळं कितीदा समजावलं होतं, ते आता एक शब्द बोलत नव्हते. जर्मन म्हाताऱ्या दोनदा त्यांच्याकडे वळल्या, बोट कुठे दाखवतात बघायला. ते हात मागे बांधून उभे होते.

बाहेर आलो. समोरच एक जुनं कॅफे होतं, तिथे बसलो. दातारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपीशिवाय त्यांना मी क्वचितच पाहिलं होतं. टक्कल पडलेलं डोकं लहान मुलासारखं दिसत होतं.

"निखिल माझ्याकडे दोन-तीनदा येऊन गेला," ते म्हणाले. "उन्हाळ्याचा तास विसरला होता तो, मी दाखवला. मला वाटलं, पोरगा शिकतोय. निरोप धाडणार आहे म्हणून नाही बोलला."

"त्याला मी गप्प राहायला सांगितलं होतं. ठराव माझाच होता."

"तुमचा?"

"माझाच. कुणी सुचवलं नव्हतं."

त्यांनी टेबलावरची टोपी सरळ केली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुम्हाला त्रास व्हायचा का हो फोनचा?"

नाही म्हणता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. माझा जन्म 'नाही हो, कसला त्रास' म्हणण्यात गेला आहे.

"हो," मी म्हणालो. "वेळेचा नाही. तुम्ही शेवटी विचारता ना, काय केलंय आज. त्याचा."

"त्यात काय?"

"घरी आम्ही तिघं. मुलीशी मराठीत बोललं की ती डचमध्ये उत्तर देते आणि खोलीत जाते. मंजिरी आणि मी कामाचं बोलतो. तुम्ही विचारलंत की मला सांगावंसं वाटतं. खिचडी केलीय एवढंच नाही. मग सगळंच सांगावंसं वाटतं. आई होती तेव्हा काय करायची, घरी पाटावर बसून आम्ही कशी वाट बघायचो, सगळं. फोन ठेवला की रात्रभर ते डोक्यात. मला ते नको होतं. म्हणून तुमचं नाव दिसलं की कधी कधी मी फोन वाजू द्यायचो. मग ठरावच केला."

एवढं सलग मी कित्येक वर्षांत कुणाशी बोललो नव्हतो. वेटर येऊन गेला. दातार गरम चॉकलेटच्या कपात चमचा फिरवत राहिले. त्यात साखर घातलेली नव्हती.

"मलासुद्धा वेळ सांगायचीच असायची असं नाही," ते शेवटी म्हणाले. "एवढासा आकडा. पण हातात आकडा असला की फोन करता येतो. काही लोकांना 'सहज केला' असं म्हणता येतं. मला नाही जमत. कधी जमलंच नाही. कारण लागतं."

"मी ठराव मागे घेतो."

"छे, छे. निरोप चांगला आहे. सगळ्यांना एकदम कळतं. मला शेवटच्या घराला फोन करेपर्यंत चंद्र वर आलेला असायचा."

मी न राहवून विचारलं, "सुनंदावहिनींना करता का संकष्टीला?"

त्यांनी चमचा बशीत ठेवला. "तिला काय सांगणार? पुण्याची वेळ छापलेली असते."

मी माझा कप बाजूला सरकवला.

"रविवारी करतो ना. तिच्या गोळ्या, माझं ब्लड प्रेशर, सोसायटीचं काय झालं. कामाचं असतं," ते म्हणाले. "संकष्टीला जमत नाही. तिचा उगवतो तेव्हा मी ऑफिसात. माझा उगवतो तेव्हा ती झोपलेली. आणि तिच्याकडे तर आकाशात दिसतोच तो. मी जे सगळ्यांना देतो, ते तिच्याकडे आधीपासून आहे. तिला मी..." आणि ते थांबले. कधी नव्हे ते त्यांचं वाक्य अर्धं राहिलं.

कॅफेत बराच वेळ गेला. बाहेर आलो तेव्हा दिवस कलायला लागला होता. चौकात थंडी होती, लोक कोपरे गाठून उभे होते. दातार सवयीने पूर्वेकडे वळले. तिकडे नुसती घरांची उतरती छपरं.

"पुण्यात आता उगवायच्या बेतात असेल," ते म्हणाले.

"मग करा ना फोन."

"काय म्हणून?"

"घड्याळ बघितलं म्हणून सांगा."

"त्याचं काय सांगायचं? तिला घड्याळात रस नाही. इथे होती तेव्हाही नव्हता."

तरी त्यांनी फोन बाहेर काढला. हातात धरून चर्चच्या दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मी त्यांची पिशवी धरून उभा होतो. शेवटी त्यांनी हातमोजा दातांनी ओढून काढला आणि बटण दाबलं. त्यांना कमी ऐकू येतं, फोनचा आवाज कायम मोठा. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"अहो, काय झालं?" वहिनींचा घाबरलेला आवाज. "आज शनिवार ना? बरे आहात ना?"

"बरा आहे."

"मग?"

दातारांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"काही नाही," ते म्हणाले. "सहज केला."

मग वहिनी म्हणाल्या, "गच्चीवर आलेय. आरती झाली, ताट झाकून ठेवलंय. सगळ्या गच्च्यांवर कुणी ना कुणी आहे. आमच्या गच्चीवर मी एकटीच." आणि मग एकदम, "तुम्ही कुठे आहात? मागे कसला आवाज येतोय?"

वर मनोऱ्यात घंटा वाजायला लागल्या होत्या. आधी एक, मग तिच्यात दुसरी, मग सगळ्याच. पायाखालच्या दगडांतून जाणवत होत्या.

"चर्चच्या घंटा आहेत," दातार ओरडले. "हे घड्याळाचे टोले नव्हेत हं. घड्याळ आत असतं, ते वेगळं, त्याची वेळ निराळी. या मनोऱ्यातल्या. यातली सगळ्यात मोठी जी आहे ना, ती..."

"अहो, बोलू नका ना," वहिनी म्हणाल्या. "ऐकू द्या."

दातार गप्प झाले. त्यांनी फोन कानापासून काढला आणि हात लांब करून वर धरला, मनोऱ्याच्या दिशेने, टाचा उंचावून. माणसं त्यांना वळसा घालून जात होती. एका बाईला वाटलं ते फोटो काढताहेत. ती वाकून त्यांच्यासमोरून गेली.

घंटा एकेक करून थांबल्या. शेवटची बराच वेळ घुमत राहिली, मग तीही थांबली. चौकात पुन्हा लोकांचे पाय ऐकू यायला लागले. दातारांनी हात खाली घेतला नाही. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "थांबल्या घंटा."

त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"ती ऐकतेय अजून," ते म्हणाले.